मोटारीची भूक

नवी मोटार दाराशी आली की आपल्याकडे तिला हळदकुंकू लागते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात, आणि पेढा तोंडात टाकता टाकता येणारा प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" जणू काही मोटार ही दुभती गाय आहे आणि ती लिटर-दोन लिटर अधिक देणार आहे! खरे पाहता मोटार काही देत नाही. ती खाते. आणि किती खावे हे तिच्या जातकुळीवर जितके अवलंबून असते, त्याहून फारसे कमी हाकणाऱ्याच्या पायावर आणि हातावर नसते. पाय म्हणजे वेग, आणि हात म्हणजे गिअर.

ही गोष्ट शोफरांना ठाऊक होती, इंजिनिअरांना तर होतीच होती. तरीही मोटारीच्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात माणसाने ती पुनःपुन्हा शिकली आणि पुनःपुन्हा विसरली. टंचाई आली की आठवण व्हायची, सुबत्ता आली की विसर पडायचा. हा आठवण-विसराचा खेळ मला मोठा उद्बोधक वाटतो. यंदाच्या दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर त्याचीच हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असे मनात आले.

प्रारंभ अर्थातच जर्मनीत होतो. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात मानहाइम गावच्या बेर्टा बेन्झ या बाईंनी नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली तीनचाकी मोटार बाहेर काढली, ऑइगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना बरोबर घेतले आणि थेट माहेरची, म्हणजे फोर्टस्हाइमची वाट धरली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. नवरा कार्ल बेन्झ हा मोठा कल्पक कारागीर, पण जगापुढे यायला बिचकणारा. त्याची मोटार खरोखर चालते हे लोकांना दिसावे, म्हणून बाईंनी हे धाडस केले. त्या काळी पेट्रोलपंप कुठून असणार? वाटेतल्या वीसलोख गावी त्यांनी औषधांच्या दुकानात जाऊन कपड्यांचे डाग काढण्याचे लिग्रोइन नावाचे द्रव विकत घेतले आणि ते मोटारीला पाजले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली. सारे निभावले, पण चढ आला की मोटार हटून बसे. मग मुलांनी खाली उतरावे आणि ढकलावे. घरी परत आल्यावर बाईंनी नवऱ्याला सांगितले, की चढासाठी आणखी एक गिअर बसवला पाहिजे. जगातल्या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासातून निघालेले शहाणपण हे असे होते: इंजिनाची ताकद तेवढीच राहू द्या, पण ती वाटेप्रमाणे वळवून घेण्याची सोय करा.

गिअरची कल्पना समजावून घ्यायला अवघड नाही. पेट्रोलच्या इंजिनाला एक मोठी खोड आहे. ते सावकाश फिरत असता फारसा जोर लावू शकत नाही. जोर हवा तर त्याला भराभर फिरवावे लागते. चाकाला मात्र चढावर सावकाश फिरून पुष्कळ जोर हवा असतो आणि सपाटीवर भराभर फिरून थोडका जोर पुरतो. या दोघांचे जमवून देणारा मध्यस्थ म्हणजे गिअरची पेटी. फ्रान्समध्ये पानार आणि लेव्हासॉर यांच्या कारखान्याने १८९० नंतरच्या काही वर्षांत सरकत्या दंतचक्रांची पेटी रूढ केली. एक चक्र सरकवून दुसऱ्याच्या दातांत अडकवायचे, असा तो प्रकार. अडकताना चक्रे कर्कश ओरडत. हा प्रकार आडदांड आहे खरा, पण चालतो, असे लेव्हासॉर स्वतःच म्हणत असे, अशी आख्यायिका आहे. याच गृहस्थाने १८९५ साली पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत येण्याच्या शर्यतीत ४८ तास ४८ मिनिटे मोटार हाकली आणि ताशी सरासरी २४ किलोमीटरचा वेग गाठला. तेव्हा लोकांनी तोंडात बोटे घातली होती.

त्या वेगाला पेट्रोलची चिंता करण्याचे कारण नव्हते. चिंता वेगाबरोबर वाढत गेली, आणि ती का वाढली हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढची हकीकत सोपी जाईल.

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या मोटारीला मुख्यतः दोन शत्रू असतात. एक रस्ता आणि दुसरी हवा. टायर रस्त्यावर दबतो, उलगडतो, त्यात काही शक्ती खर्ची पडते. हा रस्त्याचा कर किलोमीटरमागे साधारण ठरलेला असतो. तुम्ही सावकाश जा वा जोरात जा, त्यात फार फरक पडत नाही. हवेचे तसे नाही. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, तिप्पट केला की नऊपट. ताशी ४० किलोमीटरला हवा एक रुपया मागत असेल, तर ८० ला ती त्याच किलोमीटरमागे चार रुपये मागते आणि १२० ला नऊ. सायकलवरून समोरच्या वाऱ्यात जाणाऱ्याला हे गणित कागदावर मांडून दाखवावे लागत नाही. त्याच्या मांड्याच त्याला ते सांगतात. मोटारीत काचा वर करून बसलेल्याला मात्र ते कळत नाही. त्याच्या वतीने इंजिन दमते, आणि बिल पंपावर येते.

कोणी म्हणेल, मग अगदी गोगलगायीच्या गतीने जावे म्हणजे झाले! तर तेही नाही. इंजिन नुसते फिरत ठेवायलाही पेट्रोल लागते. दट्ट्या वरखाली होतो, तेल ढवळले जाते, पंखा फिरतो. हा घरभाड्यासारखा खर्च आहे. तुम्ही तासाभरात १० किलोमीटर गेलात तरी तो द्यावा लागतो आणि ६० गेलात तरी द्यावा लागतो. म्हणून फार सावकाश गेल्यास किलोमीटरमागे हे भाडे जड होते, आणि फार जोरात गेल्यास हवेचा कर जड होतो. मध्ये कुठेतरी एक सुखाचा टप्पा असतो. बहुतेक मोटारींचा तो ताशी ५० ते ८० किलोमीटरच्या दरम्यान सापडतो. पण एका अटीवर, की मोटार तेव्हा वरच्या गिअरमध्ये असावी.

ही अट का? खालच्या गिअरमध्ये तोच वेग राखायला इंजिनाला जास्त फेरे घ्यावे लागतात, आणि प्रत्येक फेऱ्यागणिक घर्षणाची पट्टी द्यावी लागते. शिवाय पेट्रोलच्या इंजिनात आणखी एक गोम आहे. आपण ॲक्सिलरेटर हलकेच दाबतो तेव्हा इंजिनाला हवा घेण्याची वाट जवळजवळ मिटलेली असते. ते बिचारे नाक दाबून धावणाऱ्या माणसासारखे श्वास ओढत राहते, आणि त्या ओढण्यातच त्याची बरीच शक्ती जाते. वरचा गिअर टाकून इंजिन सावकाश फिरू दिले, की त्याच कामासाठी ती वाट अधिक उघडावी लागते आणि श्वास मोकळा होतो. अर्थात याचीही मर्यादा आहे. चढावर टॉप गिअरचा हट्ट धरला तर मोटार गचके देऊ लागते, इंजिन आतून ठोके देते, आणि मग बचतीच्या लोभाने इंजिनाचेच नुकसान होते. गिअर केव्हा वर न्यावा आणि केव्हा खाली आणावा, याला कान लागतो. जुने शोफर काट्याकडे पाहून नव्हे, तर आवाज ऐकून गिअर बदलत.

आणि तो बदलणे तरी कुठे सोपे होते! हेन्री फोर्डने १९०८ साली आणलेल्या प्रसिद्ध 'मॉडेल टी'त पुढे जायचे दोनच गिअर, तेही पायाने बदलायचे. इतर मोटारींत दंतचक्रांचा वेग जुळवण्यासाठी क्लच दोनदा दाबावा लागे. आपल्याकडच्या जुन्या ट्रकड्रायव्हरांना हा 'डबल क्लच' चांगला परिचयाचा. १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅकने आपोआप वेग जुळवून घेणारी पेटी आणली आणि तो ताप गेला. ही युक्ती अर्ल थॉम्प्सन या इंजिनिअरची. दहा-अकरा वर्षांनी याच थॉम्प्सनच्या देखरेखीखाली तयार झालेली, गिअर स्वतःच बदलणारी 'हायड्रामॅटिक' पेटी जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबाइल मोटारींत बसवली. हाताचे काम यंत्राने घ्यायला सुरुवात केली ती इथपासून.

एवढ्यात युद्ध आले. १९४१ च्या डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि पुढच्या काही महिन्यांत मलाया आणि डच ईस्ट इंडीज काबीज केले. जगातले बहुतेक रबर याच मुलखातून येई. अमेरिकेजवळ तेलाच्या विहिरी मुबलक, पण टायरला रबर नाही! १९४२ साली बर्नार्ड बरूक यांच्या समितीने सल्ला दिला, की मोटारींचा वेग ताशी ३५ मैलांवर, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरांवर आणावा. सावकाश गेले तर टायर कमी झिजतात. लोकांनी मोटारी बाहेरच काढू नयेत म्हणून त्याच वर्षीच्या १ डिसेंबरपासून देशभर पेट्रोलचे रेशनही लागू झाले. गंमत पाहा, पेट्रोल वाचवण्यासाठी नव्हे, तर रबर वाचवण्यासाठी पेट्रोल बंद! पण वेग ५६ वर आला, तेव्हा मोटारी आपोआप त्या सुखाच्या टप्प्यात येऊन बसल्या. मोटारीच्या काचेवर लावायच्या रेशनच्या चिठ्ठीच्या मागे, हाकणाऱ्याला दिसेल अशा बेताने, ही फेरी खरोखरीच जरुरीची आहे काय, असा सवाल छापलेला असे. आपल्याकडेही त्या दिवसांत पेट्रोलचे रेशन होते, आणि पाठीवर कोळशाच्या गॅसची भट्टी घेऊन धापा टाकत जाणाऱ्या मोटारी ज्यांनी पाहिल्या, ते त्यांच्या गोष्टी पुढे कितीतरी वर्षे सांगत असत.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये युद्ध संपले, रेशन उठले, आणि शिकलेला धडा फळ्यावरून पुसावा तसा पुसला गेला. अमेरिकेत पेट्रोल पाण्याच्या भावाने मिळू लागले. मोटारी लांब झाल्या, रुंद झाल्या, त्यांना शेपटीकडे माशासारखे पर फुटले. १९४८ साली ब्यूइक मोटारीत 'डायनाफ्लो' नावाची पेटी आली. तिच्यात इंजिन आणि चाके यांच्यामध्ये लोखंडाची घट्ट गाठ नव्हती. मध्ये तेल होते. इंजिनाकडच्या पंख्याने तेल भिरकावायचे आणि त्या तेलाने चाकाकडचा पंखा फिरवायचा. चाल अशी मऊ, की बसणाऱ्याला दूधसाईची उपमा सुचावी. पण तेल म्हटले की ते निसटायचेच. इंजिन जितके फिरे तितकी चाके फिरत नसत. मधला फरक तेल तापवण्यात जाई. मोटार रेशमासारखी चाले आणि पेट्रोल ढसाढसा पिई.

यावर तोड नव्हती असे समजू नका. पुढच्याच वर्षी, १९४९ साली, पॅकार्ड कंपनीने आपल्या 'अल्ट्रामॅटिक' पेटीत अशी सोय केली होती, की मोटारीने चांगला वेग घेतला की आतला एक क्लच इंजिन आणि चाके यांना घट्ट जखडून टाकी. तेलातली निसट तिथेच बंद. फार शहाणी युक्ती. पण पेट्रोल स्वस्त असताना शहाणपणाला गिऱ्हाईक कोठून मिळणार? काही वर्षांत पॅकार्डचेच दिवस फिरले आणि ती पेटीही पडद्याआड गेली.

तशा त्याच अमेरिकेत काटकसरीच्या शर्यतीही होत. कॅलिफोर्नियात १९३६ साली सुरू झालेली आणि पुढे 'मोबिलगॅस इकॉनॉमी रन' या नावाने गाजलेली शर्यत, युद्धाची वर्षे सोडली, तर १९६८ पर्यंत चालली. तीत पहिला येई तो सर्वांत जोरात जाणारा नव्हे, तर सर्वांत कमी पेट्रोल जाळणारा. तिथल्या पट्टीच्या ड्रायव्हरांचे मर्म काय होते? पाय पिसासारखा हलका, वेग एकसारखा, ब्रेक लावावाच लागू नये इतकी दूरवर नजर, आणि वरचा गिअर शक्य तितक्या लवकर. म्हणजे कसब नाहीसे झाले नव्हते. सर्कशीतले सिंह पाहावेत तसे लोक ते पाहत आणि घरी जाऊन आपल्याच पद्धतीने मोटार पिटाळीत.

मग १९७३ चा ऑक्टोबर उजाडला. पश्चिम आशियात युद्ध पेटले, अरब राष्ट्रांनी तेल अडवून धरले, आणि पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेला भाव १९७४ च्या जानेवारीपर्यंत बाराच्या घरात गेला. पश्चिम जर्मनीत त्या हिवाळ्यात चार रविवार मोटारी बंद ठेवल्या गेल्या, आणि जिथे वेगाला बंधन नाही म्हणून जर्मन माणूस अभिमान बाळगतो, त्या ऑटोबानवर काही महिने ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आली. इंग्लंडने ५० मैलांची मर्यादा घातली. आपल्याकडे पेट्रोलच्या भाववाढीचा निषेध म्हणून नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले.

अमेरिकेतले प्रकरण तर आमच्या विषयाच्या दृष्टीने अगदी मासलेवाईक आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आधी सुचवले, की मोटारींना ताशी ५० मैल आणि ट्रक-बसगाड्यांना ५५ मैल अशी मर्यादा असावी. हा भेद का? तर मोठ्या ट्रकांचे गिअर असे बांधलेले, की ५० ला त्यांचे इंजिन नीट जुळत नाही, वरचा गिअर सोडावा लागतो आणि बचतीऐवजी खर्च होतो, अशी ट्रकवाल्यांची तक्रार होती. वेगाचा कायदा करायला बसलेल्या सरकारलाही शेवटी गिअरच्या पेटीत डोकवावे लागले! ट्रकवाल्यांनी रस्ते अडवले, वाटाघाटी झाल्या, आणि २ जानेवारी १९७४ रोजी सर्वांना ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, हा कायदा झाला. जे राज्य तो मानणार नाही, त्याला रस्त्यांसाठी केंद्राचा पैसा मिळणार नव्हता.

विस्तीर्ण माळरानांच्या पश्चिमेकडील राज्यांना तो मुळीच रुचला नाही. मोंटाना राज्याने तर मोठी मौज केली. कायदा मोडणाऱ्याला तिथे अतिवेगाचा गुन्हेगार ठरवत नसत. राष्ट्राची इंधनसंपत्ती वाया घालवल्याबद्दल पाच डॉलर दंड करीत. तो जागच्या जागी भरायचा आणि पुढे निघायचे.

या कायद्याचा ताळेबंद मांडताना मात्र हसू मावळते. पेट्रोलची बचत झाली, पण अपेक्षेइतकी नाही. एकूण खपाच्या थोड्याशा टक्क्यांपलीकडे ती गेली नाही. कारण सगळेच ५५ ने जात नसत, आणि शहरातल्या फेऱ्यांना तसाही या कायद्याचा स्पर्श नव्हता. पण १९७३ साली अमेरिकेच्या रस्त्यांवर सुमारे ५४ हजार माणसे मेली होती, ती १९७४ साली सुमारे ४५ हजारांवर आली. यातला काही भाग लोक कमी फिरले म्हणून, हे खरे. तरीही दहा वर्षांनी, १९८४ साली, तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने सगळा हिशेब करून सांगितले, की या मर्यादेमुळे दरवर्षी दोन ते चार हजार जीव वाचत आहेत. कायदा केला तेलाच्या पिंपांसाठी आणि वाचली माणसे! १९४२ साली रबर वाचवायला निघालेल्यांनी पेट्रोल वाचवले. १९७४ साली पेट्रोल वाचवायला निघालेल्यांनी प्राण वाचवले. वेगाच्या खात्यात एका बाजूला जमा केले की दुसऱ्या बाजूलाही काही जमा होते, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते.

पण तेल पुन्हा स्वस्त झाले आणि विसर पुन्हा आला. १९८७ साली गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यांवर ६५ मैलांची मुभा मिळाली आणि १९९५ साली राष्ट्रीय मर्यादाच रद्द झाली.

माणूस विसरला, तरी या खेपेला यंत्राने मात्र धडा पाठ केला. १९७५ साली अमेरिकेने मोटारकारखान्यांवर बंधन घातले, की त्यांच्या मोटारींनी १९७८ साली सरासरीने गॅलनला १८ मैल आणि १९८५ पर्यंत साडेसत्तावीस मैल, म्हणजे लिटरला सुमारे पावणेबारा किलोमीटर, गेलेच पाहिजे. तेव्हा विसरलेल्या युक्त्या माळ्यावरून खाली काढण्यात आल्या. पॅकार्डच्या त्या जखडणाऱ्या क्लचसारखीच व्यवस्था १९७८ च्या क्रायस्लर मोटारींत आली आणि पुढे सर्वत्र झाली. पाचवा गिअर रूढ झाला, ज्यात इंजिन सावकाश आणि चाके भरभर फिरतात. आता गिअर वर न्या, असे सांगणारा छोटा दिवा फोक्सवॅगनने १९८० च्या सुमारास ड्रायव्हरपुढे लावला. जुन्या शोफरच्या कानाची जागा दिव्याने घेतली.

आपल्याकडे १९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात तेल लागले आणि १९७६ पासून बॉम्बे हायचे तेल येऊ लागले, तरी गरज भागण्याइतके ते कधीच नव्हते. १९७८ साली पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था निघाली. ताशी ४५ ते ५५ किलोमीटरने चला, हा तिचा उपदेश पेट्रोलपंपांवरच्या पाट्यांवरून आपण वाचला असेल. वाचला आणि सोडून दिला, असेच बहुतेकांचे झाले.

मात्र जुन्या काटकसरीतली एक सवय आपण अगदी घट्ट धरून ठेवली, आणि नेमकी तीच टाकून द्यायला हवी. ती म्हणजे घाटाच्या उतारावर मोटार न्यूट्रलमध्ये सोडणे. खंडाळा असो, कसारा असो, की कुंभार्ली; उतार लागला की गिअर काढायचा आणि मोटार घरंगळू द्यायची. कार्ब्युरेटरच्या जमान्यात यात दमडीचा फायदा होता, पण जिवाचा धोका तेव्हाही होता. कारण गिअरमधले इंजिन मोटारीला मागे ओढून धरते, ते सुटले की सारा भार ब्रेकवर येतो आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर दगा देतो. आज तर दमडीचाही फायदा उरलेला नाही. २००० च्या सुमारापासून आपल्याकडच्या मोटारींत पेट्रोल फवारणारी विजेची व्यवस्था सर्रास आली. मोटार गिअरमध्ये ठेवून उतारावर ॲक्सिलरेटर सोडला, की ही व्यवस्था इंजिनाचे पेट्रोल पुरते तोडते. चाकेच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रल केले, की इंजिन जिवंत ठेवण्यासाठी पेट्रोल पुन्हा सुरू होते. म्हणजे न्यूट्रलमध्ये उतरणारा माणूस पेट्रोल जास्त जाळतो आणि ब्रेक गमावतो. घाटांतल्या पाट्या हेच ओरडून सांगतात. काटकसरीचेही शिळे शहाणपण अंगाशी येते, ते असे.

आता पाहुण्यांच्या त्या प्रश्नाकडे वळू. जाहिरातीतले ॲव्हरेज आपल्याला का मिळत नाही? आपल्या देशात हे आकडे ज्या संस्थांच्या कसोट्यांवरून आले, त्यांत पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही १९६६ साली निघालेली संस्था अग्रगण्य आहे. तिच्या प्रयोगशाळेत मोटार रोळांवर उभी करून ठरावीक चक्रातून चालवतात. वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या त्या चक्रात सर्वांत अधिक वेग ताशी ९० किलोमीटर, तोही थोडकाच वेळ. गिअर ठरल्या क्षणी बदलायचा. रस्त्यावर म्हैस नाही की रिक्षा नाही. आपण मात्र द्रुतगती मार्गावर शंभराच्या पुढे काटा नेतो आणि कारखानदाराने फसवले म्हणून बोटे मोडतो. तो आकडा खोटा नसतो. तो त्या वेगाचा आणि त्या गिअरचा आकडा असतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९५ किलोमीटरांचा. हिशेबापुरते घाट-वळणे बाजूला ठेवू. ताशी ८० ने तो संपायला ७१ मिनिटे लागतील, १०० ने ५७. वाचली १४ मिनिटे. त्यासाठी हवेचा कर मात्र दीडपटीहून अधिक भरावा लागला. आणि या १४ मिनिटांचे आपण करतो काय? चांदणी चौकात कोंडीत उभे राहतो!

आजच्या मोटारीत आठ-आठ गिअर असतात आणि ते कधी बदलले हे कळतही नाही. २०१४ पासून आपल्याकडच्या छोट्या मोटारींतही हाताच्याच गिअरची पेटी, पण ती बदलणारा हात यंत्राचा, अशी सोय मिळू लागली. विजेच्या मोटारींना तर बहुधा एकच गिअर पुरतो. तेव्हा गिअरचा प्रश्न यंत्राने जवळजवळ सोडवला असे म्हणायला हरकत नाही, आणि तो आपल्यापेक्षा बरा सोडवला. परंतु हवेचा कर पेट्रोलच्या मोटारीला जितका, तितकाच विजेच्या मोटारीला. तो माफ करील असे यंत्र निघालेले नाही, आणि किती वेगाने जायचे हे आपल्यासाठी ठरवणाराही कोणी नाही. हाताचे काम गेले. पायाचे उरले आहे.

दिवाळीच्या सुटीत पुष्कळ कुटुंबे मोटारीने गावी निघतील. मागच्या बाकावर मुले असतील, फराळाचे डबे असतील, कोणाची तरी आजी असेल. त्यांनी ८० ने जावे, टॉप गिअरमध्ये जावे, उतारावर गिअर काढू नये. टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल उरेल, ही झाली कागदावरची बचत. दुसरी बचत कोणत्याच पावतीवर छापून येत नाही; पण अमेरिकेच्या त्या कायद्याने नकळत दाखवून दिले, की मोठी तीच असते.